गॅसची शेगडी निवडताना: भरवसा म्हणजे नक्की काय?

सोलापुरातून मी परत एकदा तुमच्या कानात बोलायला आलोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे काय की" तेवढे काढलेत.

आजचा विषय साधा आहे. नवीन स्वयंपाकघरासाठी गॅसची शेगडी कुठली घ्यावी? गेल्या वर्षभरात आमच्या घरात हा प्रश्न चर्चेला होता, आणि ओळखीत बघितलं तर जवळपास प्रत्येक घरात आहे. जुळे सोलापूरला, विजापूर रोडला, होटगी रोडला फ्लॅट उभे राहायलेत. तिकडे कुंभारीला रे नगरमध्ये 19 जानेवारी 2024 ला एका दिवसात 15,000 घरं कामगार कुटुंबांना मिळाली. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, रिक्षावाले. म्हणजे 15,000 नवीन स्वयंपाकघरं. घर केवढंही असो, त्यातल्या एका वस्तूवर दिवसातून तीन-चार वेळा सगळ्यांचं पोट अवलंबून असतं. ती वस्तू म्हणजे शेगडी.

आणि आपण ती निवडतो कशी? दुकानात जातो, काचेवर फुलं आहेत का बघतो, किती बर्नर ते मोजतो, "दादा, वॉरंटी किती?" विचारतो आणि घेऊन येतो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या कामात "भरवशाचं" हा शब्द फार वापरतात, पण त्याचा अर्थ दोन प्रश्नांत मोडतात. पहिला, ही गोष्ट किती वेळा बिघडेल? दुसरा, बिघडली तर किती वेळात परत सुरू होईल? सर्व्हर वर्षातून एकदा पडला, पण पडल्यावर आठ दिवस उठलाच नाही, तर तो भरवशाचा नाही. दोनदा पडला आणि दहा मिनिटांत उठला, तर चालतं. शेगडीसाठी मी त्यात तिसरा प्रश्न घातला, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा निघाला. बिघडताना ती कशी बिघडते? म्हणजे बिघाड झाल्यावर गॅस बंद होतो, की गॅस सुटत राहतो?

हे तीन प्रश्न डोक्यात ठेवून आता पुढचं ऐका.

आधी घर बघा, मग दुकान

आमच्या घरात पाच माणसं. आई, बाबा, आजी, मी आणि बहीण. रोज ज्वारीची भाकरी. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको. आता भाकरीला शेगडीकडून काय लागतं ते बघा. तवा लोखंडी, जाड, जड. तो तापायला मोठी आच पाहिजे. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग तवा बाजूला करून भाकरी थेट जाळावर धरायची, तेव्हा ती फुगते आणि पापुद्रा सुटतो. म्हणजे उघडी ज्योत हवी. आणि कडक भाकरी करायची तर उलटं. भाजून झाल्यावर मंद आचेवर सावकाश वाळवायची. तिथे ज्योत इतकी बारीक पाहिजे की करपणार नाही, पण खिडकीच्या वाऱ्याने विझणारही नाही.

दुसरी गोष्ट आजी. वय 78. पहाटे पाचला उठून स्वतःचा चहा स्वतःच करते. कुणी उठून करून देतो म्हटलं की, "ए पोरा, माझे हात मोडले नाहीत अजून," हे ठरलेलं उत्तर. पण अलीकडे तिला विसरायला होतं. दूध ठेवून देवपूजेला बसते. दूध उतू जातं, ज्योत विझते, नॉब सुरूच.

तिसरी गोष्ट आईची उंची. चार फूट अकरा इंच. यावर नंतर येतो.

तर आमची यादी अशी झाली: मोठी आच, बारीक स्थिर आच, जड तव्याला पेलणारी जाळी, आजीसाठी सुरक्षा, आईला पुरेल अशी उंची. या यादीत काचेचा रंग कुठंच नव्हता.

कुकिंग रेंजचं काय?

बहिणीची इच्छा होती की कुकिंग रेंज घेऊ. म्हणजे वर चार-पाच बर्नर, खाली ओव्हन, सगळं एकाच उभ्या कपाटासारख्या यंत्रात. परदेशी मालिकांत दिसतं ते. भारतातही मिळतं. दिसायला झकास.

मी एवढंच म्हटलं, आपण ओव्हन किती वेळा वापरणार? महिन्यातून दोनदा केक, दिवाळीत नानकटाई. आणि भाकरी दिवसातून दोनदा. या दोन कामांना एका यंत्रात बांधलं तर ओव्हनच्या दुरुस्तीसाठी अख्खं यंत्र ओढून बाहेर काढावं लागणार आणि त्या दिवशी भाकरीही बंद. त्यापेक्षा शेगडी वेगळी, आणि हवाच तर टेबलावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन वेगळा. एक बंद पडलं तर दुसरं सुरू. ज्यांच्याकडे रोज बेकिंग होतं त्यांचं गणित वेगळं येईल. आमचं हे आलं.

हॉब की ओट्यावरची शेगडी?

खरी लढाई इथे झाली. इंटिरियरवाल्या मॅडम म्हणाल्या हॉबच घ्या. हॉब म्हणजे ग्रॅनाइट कापून ओट्यात बसवलेली शेगडी. वरून सपाट, पुसायला सोपी, आणि आईला उंची कमी पडणार नाही. मुद्दे खरे आहेत.

पण ग्रॅनाइटला पाडलेलं ते भोक असतं ना, ते एका कंपनीच्या एका मॉडेलच्या मापाचं असतं. सात-आठ वर्षांनी हॉब गेला आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं, तर नवीन हॉब त्या भोकात बसेलच असं नाही. भोक लहान पडलं तर परत कापता येतं, घरभर धूळ होते. मोठं पडलं तर ग्रॅनाइट वाढवणार कसं? आमच्या धंद्यात याला एका विक्रेत्याच्या दावणीला बांधलं जाणं म्हणतात. ओट्यावरच्या शेगडीचं तसं नाही. उचलली, दुसरी ठेवली, पाइप जोडला, झालं.

मधला मार्गही आहे. त्याला दुकानात हॉबटॉप म्हणतात. ओट्यात बसवताही येतो, पाय लावून वर ठेवताही येतो. हॉबच हवा असेल तर निदान हा विचारा. आणि ग्रॅनाइटवाल्याला भोक पाडायला सांगण्याआधी हॉब घरात आणून ठेवा. कागदावरच्या मापावर कापू नका.

आता काच. वरचा भाग काचेचा की स्टीलचा? काच असते ती टफन्ड, म्हणजे कडक केलेली. फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, बारीक खडे होतात. पण ती फुटते तेव्हा एकदम पूर्ण फुटते. कडेला ठोका बसला, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं, किंवा दोन बर्नर झाकेल एवढं मोठं पातेलं तासभर ठेवून खालची उष्णता काचेवरच कोंडली, की धोका वाढतो. आमच्याकडे लोखंडी तवा आहे, गणपती-गौरीला मोठी पातेली आहेत, आणि आईला ओला फडका लगेच फिरवायची सवय आहे. स्टीलला ओरखडे पडतील, डाग पडतील, पण ते एका सेकंदात नाहीसं होत नाही. आम्ही स्टील घेतलं. ज्यांच्याकडे दोन माणसं आणि छोटी भांडी आहेत त्यांनी काच घेतली तरी काही बिघडत नाही. जाडी तेवढी विचारा.

आजीचा प्रश्न, आणि थोडं गणित

हा भाग नीट ऐका. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर जास्तच.

समजा ज्योत विझली आणि नॉब उघडा राहिला. मध्यम बर्नरमधून तासाला साधारण 150 ग्रॅम गॅस जातो असं धरू. वायुरूपात तो 65 लिटरच्या आसपास होतो. स्वयंपाकघर आठ बाय दहा फुटांचं, उंची दहा फूट. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. पूर्ण खोलीत सारखा मिसळला तर तेवढं प्रमाण व्हायला सहा-सात तास लागतील. ऐकून बरं वाटतं. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, दीड ते दोनपट. तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. समजा तो खालच्या एक फुटातच राहिला, तर तेच दोन टक्के चाळीसेक मिनिटांत होतात. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्षात खिडकी, दार, वारा यांनी फरक पडतो. पण चाळीस मिनिटं म्हणजे आजीची देवपूजा. आणि पूजेत निरांजन असतं.

यावरचा उपाय बाजारात आहे. त्याला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस म्हणतात, दुकानदार एफएफडी म्हणतात. बर्नरच्या कडेला एक बारीक दांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ज्योतीने ती तापली की तिच्यात अगदी थोडी वीज तयार होते, आणि त्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली, दांडी गार झाली, वीज थांबली, व्हॉल्व्ह बंद. साधारण मिनिटभरात गॅस आपोआप थांबतो. याला बॅटरी लागत नाही, घरातली लाइट लागत नाही.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय सांगू? हे यंत्र स्वतः खराब झालं तरी गॅस बंदच होतो. दांडी खराब झाली तर नॉब सोडल्यावर ज्योत विझते. चिडचिड होईल, चहा उशिरा होईल, पण गॅस सुटणार नाही. माझा तिसरा प्रश्न होता ना, बिघडताना कशी बिघडते? त्याचं उत्तर हे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पेटवताना नॉब दाबून काही सेकंद धरावा लागतो, म्हणजे दांडी तापते. आजीला हे चार दिवस शिकवावं लागलं. "एवढा वेळ दाबत बसू व्हय?" म्हणून ओरडली, मग सवय झाली. आणि दुसरं, पाइप गळत असेल किंवा रेग्युलेटर नीट बसला नसेल तर एफएफडी काही करू शकत नाही. तो फक्त बर्नरचा राखणदार आहे.

बर्नर, जेट आणि ते ऑटो इग्निशन

बर्नर पितळी घ्या. पितळ उष्णता सोसतं, भोकं लवकर झिजत नाहीत. हातात घेऊन बघा, वजन कळतं. जाळी जाड लोखंडी हवी, आणि तिच्यावर तवा ठेवून हलवून बघा. आईने दुकानात घरचा तवा नेला होता. दुकानदार हसला, पण दोन शेगड्यांवर तवा डुगडुगला आणि त्या तिथंच बाद झाल्या.

ज्योत निळी पाहिजे. पिवळी आली, भांड्याला काजळी धरली, म्हणजे हवा नीट मिसळत नाही किंवा बर्नर तुंबलाय. जेट म्हणजे जिथून गॅस येतो ते बारीक पितळी तोंड. त्यात सुई खुपसून साफ करायची सवय बऱ्याच घरांत आहे. कृपा करून करू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि बर्नरचं सगळं गणित बिघडतं. तसंच, एलपीजीचा जेट आणि पाइपने येणाऱ्या गॅसचा जेट वेगळा असतो. पाइपच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात उष्णता बरीच कमी असते, एलपीजीत साधारण अडीचपट, म्हणून पाइपवाल्याचा जेट मोठा. पुढे तुमच्या भागात पाइपचा गॅस आला तर याच शेगडीचे जेट बदलून मिळतात का, हे घेतानाच विचारून ठेवा.

ऑटो इग्निशन, म्हणजे नॉब फिरवला की आपोआप पेटणं. सोय आहे, पण वरण उतू गेलं, पाणी शिरलं की सगळ्यात आधी तेच रुसतं. ते बंद पडल्यावर लायटरने किंवा काडीने बर्नर पेटतो ना, एवढं बघा. पेटत असेल तर तो बिघाड महत्त्वाचा नाही.

आयएसआय चिन्ह तर हवंच. घरगुती एलपीजी शेगडीचं मानक आयएस 4246. त्यात उष्णतेचा किमान 68 टक्के भाग भांड्यापर्यंत पोचला पाहिजे अशी अट आहे. चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या ॲपवर टाकून खरा की खोटा बघता येतो. दुकानात उभ्या उभ्या होतं. काही शेगड्यांवर बीईईचे तारेही असतात, ते याच कार्यक्षमतेवर दिलेले असतात.

त्याने फरक किती पडतो? 68 टक्क्यांच्या ऐवजी 72 टक्क्यांची शेगडी घेतली, तर 14.2 किलोच्या सिलिंडरमागे जवळपास 800 ग्रॅम गॅस वाचतो. वर्षाला बारा सिलिंडर लागत असतील तर साडेनऊ किलो. म्हणजे दीड वर्षात एक सिलिंडर फुकट.

दुरुस्ती कोण करणार?

घेण्याआधी मी एक काम केलं. नवी पेठेत शेगड्या दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडे जाऊन बसलो. चहा सांगितला आणि विचारलं, "मामा, तुमच्याकडं जास्त काय येतं दुरुस्तीला?"

ते म्हणाले, "नॉब जड झालेला, इग्निशन गेलेलं, बर्नर तुंबलेला. बाकी शेगडीला होतंय काय?"

मग मी त्यांना तीन मॉडेलचे फोटो दाखवले. एकावर म्हणाले, "याचा व्हॉल्व्ह इथं मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागतोय. आठ-पंधरा दिवस धरा." दुसऱ्यावर म्हणाले, "हे आणा, अर्ध्या तासात देतो."

मंडळी, त्या दोन वाक्यांत मला माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. वॉरंटी कार्डवर पाच वर्षं लिहिलेली असतात, पण माणूस आपल्या गावात येतो का, आणि सुटा भाग आपल्या गावात मिळतो का, हे कार्डावर नसतं. आमच्या एका नातेवाइकांच्या हॉबसाठी कंपनीचा माणूस यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस त्यांनी डबा लावला. म्हणून आधी दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, मग विकणाऱ्याला. एफएफडीची दांडी मिळते का, हेही याच वेळी विचारून घ्या.

ओटा, सिलिंडर, पाइप

आता आईची उंची. ओटा 33 इंच. त्यावर शेगडी पाच इंच. त्यावर तवा. म्हणजे भाकरी उलटायची ती 38-39 इंचांवर. आईचा कोपर 37 इंचांच्या आसपास येतो. रोज दहा-बारा भाकरी खांदे वर करून करायच्या? हॉबच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच होता.

उपाय साधा निघाला. शेगडी ठेवायची तेवढाच ओट्याचा भाग पाच इंच खाली घेतला, 28 इंचांवर. मिस्त्रीला आधी सांगितलं म्हणून जास्तीचा खर्च फारसा झाला नाही. शेगडीचा वरचा भाग बाकीच्या ओट्याच्या पातळीत आला. हॉबचा फायदा मिळाला आणि ग्रॅनाइटला भोक पाडलं नाही.

फक्त शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीला हवी, हा नियम मोडायचा नाही. म्हणून सिलिंडर शेजारच्या 33 इंची भागाखाली उभा ठेवला. मॉड्युलर किचनमध्ये सिलिंडर दाराआड कोंडतात. तसं करायचं असेल तर दाराला खाली, अगदी जमिनीलगत, हवा जायला जाळी ठेवा. वर ठेवून उपयोग नाही, कारण गॅस खाली बसतो. पाइप आयएसआयचा केशरी सुरक्षा पाइप, दीड मीटरपेक्षा लांब नको, शेगडीच्या मागून तापणाऱ्या भागाजवळून नको, आणि डोळ्याला दिसेल असा. पाच वर्षांनी बदला. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण लावूही नका, बंदही करू नका. चिमणीचंसुद्धा. नॉब आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, बाहेर या आणि 1906 ला फोन. हा नंबर गॅसगळतीसाठी चोवीस तास आहे.

आणि एक जोडीदार

शेवटचं. सिलिंडर संपला आणि दुसरा आला नाही तर? म्हणून एक साधा इंडक्शन घेतला, 2,000 वॉटचा. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, तो वायरिंगच्या वेळीच काढून घ्या. गॅस संपतो ते एका कारणाने, लाइट जाते ती दुसऱ्या कारणाने. दोन्ही एकदम जायची वेळ क्वचित. इंडक्शनवर भात, वरण, चहा होतो. आमचा खोलगट तवा त्यावर बसत नाही आणि जाळाशिवाय भाकरी फुगत नाही. पण एक दिवस भातावर निघतो.

तर आम्ही शेवटी घेतली ती अशी: स्टीलची, ओट्यावर ठेवायची, तीन पितळी बर्नरची, तिन्हींना एफएफडी असलेली, आणि मामांनी "हे आणा" म्हटलेल्या जातीतली. साध्या शेगडीत एफएफडी असलेली मॉडेल कमी असतात, मागवून घ्यायला महिना लागला. नाव सांगत नाही, कारण तुमच्या गावात तिचा सुटा भाग मिळेल की नाही मला माहीत नाही, आणि तोच तर आजचा मुद्दा आहे.

दुकानात जाताना हे प्रश्न मोबाइलवर लिहून न्या:

ज्योत विझली तर गॅस आपोआप थांबतो का?
ऑटो इग्निशन गेलं तर काडीने पेटते का?
व्हॉल्व्ह, नॉब, जेट आपल्या गावात मिळतात का, आणि बसवणारा कोण?
पुढे ही काढून दुसरी ठेवायची तर ओटा तोडावा लागेल का?
घरचा तवा तिच्यावर स्थिर बसतो का?

पाचही उत्तरं नीट मिळाली तर बिनधास्त घ्या, मग काचेवर फुलं असोत की नसोत.

तुमच्या घरी कुठली शेगडी किती वर्षं टिकली, आणि बिघडली तेव्हा कुणी दुरुस्त केली, ते मला नक्की कळवा. विशेषतः बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या मंडळींनी, तिकडे सुटे भाग कसे मिळतात ते ऐकायचंय. पुढच्या भागात पाण्याच्या फिल्टरवर बोलू, सोलापूरच्या बोअरच्या पाण्यासकट. तोपर्यंत रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायला विसरू नका. भेटू परत!